तमाशासम्राज्ञी कै. विठाबाई नारायणगावकर

समाजात होऊन गेलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र दरवर्षी आपल्या स्मरणिकेत द्यावे, असा आमचा प्रघात आहे. शिक्षक, समाजसेवक, पहिलवान, शाहीर अशा अनेकांची चरित्रे या निमित्ताने ज्ञातिबंधुभगिनींच्या घरोघर पोहोचली. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत त्यांचे नाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्याच्या कानावर पडले नाही असा मनुष्य विरळा. तरीसुद्धा हे चरित्र छापण्यास आम्हाला इतका उशीर का लागला, या प्रश्नाचे उत्तर आम्हालाच द्यावयाचे आहे, आणि ते या लेखाच्या ओघात येईल.

विठाबाईंचा जन्म 1935 साली जुलै महिन्यात पंढरपूर येथे झाला. घराणे तमाशाचे. त्यांचे आजोबा नारायण खुडे हे मूळचे शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावचे. त्यांनी घराण्यात तमाशाचा फड उभा केला. पुढे विठाबाईंचे वडील भाऊ आणि चुलते बापू या बंधुद्वयाने तो वाढविला आणि भाऊ बापू मांग नारायणगावकर या नावाने तो उभ्या महाराष्ट्रात गाजला. या नावाकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. ज्या काळी आपल्या माणसाला गावाच्या चावडीवर बसण्याची मुभा नव्हती, त्याच काळी या दोघा भावांनी आपल्या जातीचे नाव लपविले नाही. फडाच्या नावातच ते घातले आणि त्याच्या शेजारी गावाचे नावही मोठ्या डौलाने जोडले. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई त्यांचा तमाशा पाहण्यासाठी गावेच्या गावे बैलगाड्या जुंपून येत आणि रात्रभर उघड्यावर बसून राहत. कलेने मिळविलेला हा मान थोडा नव्हता. पण पहाट झाली, ढोलकी खाली ठेवली, की तो मानही तेथेच संपत असे, हेही विसरता येत नाही.

विठाबाईंचे जीवन समजण्यासाठी तमाशाचा व्यवहार थोडासा समजून घेणे अवश्य आहे. कारण आपल्या तरुण पिढीपैकी पुष्कळांनी राहुटीतला तमाशा पाहिलेलाही नसेल. तमाशाची सुरुवात गणाने होते. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीत गणेशाचे स्तवन झाले की गवळण येते. तीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी यांची थट्टामस्करी चालते. मग लावण्यांची रंगबाजी आणि सोंगाड्याची बतावणी होते आणि उत्तररात्री वग उभा राहतो. वग म्हणजे नाटकच. परंतु त्यातील पुष्कळसे संवाद नट आयत्या वेळी रचीत असतात. तेव्हा तमाशातील स्त्रीला गळा लागतो, पाय लागतो, आणि या दोहोंच्या बरोबरीने हजरजबाबी बुद्धी लागते. पूर्वी स्त्रीची कामे नाच्या पोऱ्या करीत असे. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई उभ्या राहिल्या तेव्हापासून बोर्डावर स्त्रीचे युग सुरू झाले असे मानतात. विठाबाई या युगाच्या शिखरावर पोहोचल्या.

लहानपणापासून त्यांच्या कानावर लावणी, गवळण आणि भेदिक हेच संस्कार झाले. शाळा त्यांना फारशी लाभली नाही. फड आज या गावी तर उद्या त्या गावी अशा भटकंतीत पाटी-पुस्तकाची संगत टिकावी तरी कशी? परंतु जी विद्या घरात होती ती त्यांनी कोवळ्या वयातच आत्मसात केली. विठाबाई वयात येत होत्या त्याच सुमारास देश स्वतंत्र झाला, आणि त्यानंतर लगोलग त्या वेळच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. तमाशात अश्लीलता माजली आहे, अशी तक्रार होती. पुढे ही बंदी उठली. पण प्रयोगाची संहिता आधी तपासून घेण्याचे बंधन आले. शिकल्यासवरल्या वर्गाच्या दृष्टीने हा एक सुधारणेचा प्रश्न होता. फडकऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो चुलीचा प्रश्न होता. त्याच काळात आपल्या समाजाचे सुपुत्र अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन श्रमिकांच्या व्यथा बोर्डावर आणल्या. भाऊ-बापूंसारख्या फडांनी पारंपरिक बाज सांभाळून तग धरला.

विठाबाईंच्या ठिकाणी गळा, पदन्यास आणि अभिनय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. लावणीतील शृंगार त्या जितक्या ठसक्याने उभा करीत तितक्याच ताकदीने वगातील दुःखी स्त्रीही उभी करीत. 1957 साली त्यांना राष्ट्रपतींकडून गौरवपदक मिळाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. जिच्या घराण्याला गावात पाणवठा वेगळा होता अशी एक मुलगी दिल्लीच्या दरबारी सन्मानित झाली, ही गोष्ट त्या काळी आपल्या वस्त्यावस्त्यांतून किती अभिमानाने सांगितली गेली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे 1962 मध्ये चीनशी युद्ध जुंपले तेव्हा जवानांच्या मनोरंजनासाठी विठाबाई सीमेकडे गेल्या. लोकांनी त्यांना तमाशासम्राज्ञी ही पदवी दिली आणि ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. तरीही तो येथे सांगणे प्राप्त आहे. दिवस भरत आलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. नाच चालू असतानाच वेणा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, पडद्यामागे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली, लुगडे सावरले आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळापूर्वी जिचे भरलेले पोट पाहिले तीच बाई आता रिती दिसते, हे प्रेक्षकांच्या ध्यानात आले. आणि जेव्हा घडलेला प्रकार त्यांना कळला तेव्हा त्यांनीच खेळ थांबविण्यास सांगितले आणि हात जोडून त्यांना विश्रांती घेण्यास लावले.

हा प्रसंग पुष्कळदा कौतुकाने सांगितला जातो. धैर्याची पराकाष्ठा म्हणून तो सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हाला वाटते, की त्यात कौतुकापेक्षा विचार करण्यासारखे अधिक आहे. बाळंतपणाच्या दिवशी एका स्त्रीला नाचावे लागते ते का? त्या दिवशी ती उभी राहिली नसती तर काय झाले असते? याचे उत्तर फडाच्या हिशेबात आहे.

तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि वैशाखी पौर्णिमेला संपतो. पावसाळ्याचे चार महिने फड बंद असतो. परंतु पोटे काही बंद नसतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कलावंताला मालकाने उचल द्यावयाची असते. ती दिली नाही तर ढोलकीवाला एका फडात, सोंगाड्या दुसऱ्या फडात आणि नाचणाऱ्या मुली तिसऱ्याच फडात जातात. मोठ्या फडात माणसांची संख्या शंभराच्या घरात जाते. त्यांची उचल, तंबू, कनाती, दिवे, वाहने, पेटारे या सर्वांसाठी मालक कर्ज काढतो. कर्जाचे व्याज हंगामभर चालते. पाऊस अवेळी पडला, एखाद्या गावी दंगा झाला, दुष्काळ पडला, निवडणुकीची आचारसंहिता लागली, की खेळ बुडतो आणि व्याज मात्र वाढतच राहते. एका खेळाचे नुकसान म्हणजे शंभर माणसांच्या एका दिवसाच्या भाकरीचे नुकसान. अशा स्थितीत मुख्य नायिकाच उभी राहिली नाही, तर सुपारीचे पैसे परत द्यावे लागतात. विठाबाई त्या रात्री पुन्हा बोर्डावर का आल्या, हे यावरून समजते.

आपल्या बोलीत नाद हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ढोलकीचा नाद आणि दारूचा, जुगाराचा नाद. तमाशाच्या जगात हे दोन्ही नाद एकमेकांना खेटून राहतात. रात्रीची जागरणे, रोजचा प्रवास, बिदागीचे हाती खेळणारे रोख पैसे, आणि भोवती प्यायलेल्या प्रेक्षकांचा गोंगाट. यांतून कित्येक गुणी कलावंत बाटलीच्या आहारी गेले आणि त्यांचे गळे व संसार दोन्ही बुडाले. आपल्या घराघरांत अशी उदाहरणे आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. परंतु एक नाद असाही असतो, की ज्याला कोणी व्यसन म्हणत नाही आणि जो माणसाला तितकाच पोखरतो. फड चालविण्याचा नाद हा असाच. एक हंगाम बुडाला तरी पुढच्या हंगामात वसूल होईल, या आशेवर मालक पुन्हा कर्ज काढतो, पुन्हा पेटारे बांधतो. घरचे सोने जाते, जमिनीचा तुकडा जातो. फड मात्र सुटत नाही. विठाबाईंना हाच नाद होता. बोर्ड हा त्यांचा प्राण होता आणि तोच त्यांच्या दैन्याचेही कारण झाला. नावलौकिक गगनाला भिडला, परंतु आर्थिक ओढाताणीने त्यांची पाठ कधी सोडली नाही.

साठ-सत्तरच्या दशकांनंतर काळ पालटला. तालुक्याच्या गावी चित्रपटगृहे झाली, फिरते तंबू-सिनेमे यात्रांतून येऊ लागले, पुढे दूरदर्शन आणि व्हिडिओ घरात शिरले. प्रेक्षक वगापेक्षा चित्रपटगीतांची फर्माईश करू लागले. ज्यांनी गण-गवळणीत आयुष्य वेचले त्यांना आपल्याच बोर्डावर परके वाटू लागले. जुने फड मोडू लागले. दिल्लीचे पदक मिळविलेल्या विठाबाईंनाही या लाटेतून जावे लागले. पदकाने उचल देता येत नाही आणि पदवीने कर्ज फिटत नाही.

तरीसुद्धा त्या बोर्डापासून दूर गेल्या नाहीत. आपल्या मुलींना त्यांनी या कलेचे शिक्षण दिले. मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा करून आईचे नाव राखले, आणि घराण्याची परंपरा पुढच्या पिढीत गेली. 1990 साली विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून दुसऱ्यांदा गौरव झाला. पहिल्या आणि दुसऱ्या गौरवात तेहेतीस वर्षांचे अंतर आहे. पहिला गौरव बावीस वर्षांच्या तरुण नर्तकीचा होता. दुसरा पंचावन्न वर्षांच्या स्त्रीचा होता. ज्या कलेला लोक मृतप्राय समजत होते तीत ती अजून ठाम उभी होती. आमच्या मते त्यांचा खरा पुनरुदय हाच. रूप ओसरल्यावर, काळ फिरल्यावर आणि पैका गेल्यावरही मनुष्य आपल्या विद्येच्या बळावर पुन्हा उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु चरित्रलेखकाने सत्य सांगावे. या गौरवानंतर सुखाचे दिवस आले असे झाले नाही. उतारवयात दैन्य आणि आजारपण यांनी त्यांना घेरले. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या स्त्रीने आयुष्यभर शंभर माणसांच्या पोटाची काळजी वाहिली तिच्या औषधोपचाराचे देणे मृत्यूनंतर लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. 2006 पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. योगिराज बागूल यांनी त्यांच्या आयुष्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावाला मरणोत्तर मान मिळाला, तो यथोचितच होय.

आता आमच्या उशिराविषयी. ज्ञातिबांधवहो, आपल्या समाजातील जी कुटुंबे शिकली, नोकरीस लागली, पुण्या-मुंबईस गेली, त्यांनी प्रथम जे मागे टाकले ते ढोलकी आणि तुणतुणे. त्यात त्यांचा सर्वस्वी दोष नाही. बँड, हलगी आणि तमाशा एवढेच आपल्या वाट्याला यावे आणि आपल्या मुलींनी चारचौघांपुढे नाचावे, हे कोणत्या बापाला रुचेल? मुलांच्या हाती पुस्तक द्यावे ही तळमळ योग्यच होती. परंतु त्या तळमळीत आपण एक अन्याय केला. वाद्य मागे ठेवताना वाजविणाऱ्यालाही मागे ठेवले. लग्नकार्यांत फडातल्या नातलगांना निमंत्रण पाठविण्यास आपण कचरलो. सोयरीक जुळविताना घरातील एखाद्या आत्याचे अथवा मावशीचे नाव गाळले. आणि आज त्याच घरांत विठाबाईंची तसबीर लागली आहे. स्मरणिकेच्या मागील अंकांत त्यांचे चरित्र न येण्याचे कारणही हेच होते, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. इतरांनी आपल्या लोकांना रात्री टाळ्या दिल्या आणि सकाळी दूर ठेवले, अशी तक्रार आपण करतो. विठाबाईंच्या बाबतीत आपण स्वतः याहून वेगळे वागलो काय, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

नारायणगाव आजही तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. पुणे-नाशिक रस्त्यावरील या गावी गुढीपाडव्याच्या आगेमागे फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा फलक असतो आणि आत मालक किंवा व्यवस्थापक वही उघडून बसलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, पारनेर येथील गावोगावचे यात्रा-पंच तेथे येतात, सुपारी ठरवितात, तिथी लिहून घेतात. लाखो रुपयांचे व्यवहार तेथे तोंडच्या शब्दावर आणि थोड्याशा विसारावर होतात. आपल्यापैकी पुष्कळजण गावच्या यात्रा-समितीत आता मानाने बसतात. ज्यांच्या आजोबांनी बोर्डामागून यात्रा पाहिली ते आज सुपारी ठरविणाऱ्या पंचांत असतात. हा बदल आनंदाचा आहे. त्याबरोबर जबाबदारीही येते.

म्हणून या चरित्राच्या शेवटी आम्ही केवळ आदरांजली वाहून थांबत नाही. तीन गोष्टी आपल्या हातून होण्यासारख्या आहेत.

पहिली ही, की यात्रा-समितीत असलेल्या आपल्या सभासदांनी ठरलेली सुपारी खेळ संपताच पुरी चुकती करावी. पाऊस आला, गर्दी कमी झाली, अशा सबबी सांगून ती कापू नये. कलावंत स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी आडोसा, पिण्याचे पाणी आणि रात्री निर्भय मुक्काम यांची सोय गावाने करावी. प्यालेल्या माणसाला बोर्डाजवळ फिरकू देऊ नये. आपण दाद देतो ती कलेला देतो की दारूच्या नशेत दुसऱ्याच कशाला, हे गावाच्या वागण्यावरून दिसत असते.

दुसरी गोष्ट अशी. शासनाकडून वृद्ध कलावंतांना मानधन मिळते. परंतु दाखले गोळा करणे आणि अर्ज भरणे ज्यांना जमत नाही असे अनेक ढोलकीवाले, सोंगाडे आणि नर्तकी आपल्या वस्त्यांत आहेत. शिकलेल्या तरुणांनी त्यांच्यासाठी हे काम करावे. एक दुपार खर्च केली तर एका म्हाताऱ्या कलावंताच्या औषधाची सोय होते. विठाबाईंच्या वाट्याला जे आले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, ही त्यांची खरी पुण्यतिथी.

तिसरी गोष्ट म्हणजे घरात जपून ठेवण्याची. फडात राहिलेल्या आजोबा-आजींच्या पेटाऱ्यात वगांच्या हस्तलिखित वह्या, जुने छापील हस्तपत्रक, एखादे छायाचित्र, चाळ, फेटा असे काही ना काही असेल. ते रद्दीत घालू नये. वह्यांची नक्कल करून ठेवावी. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून चाली म्हणवून घ्याव्यात आणि ध्वनिमुद्रित कराव्यात. वगाचे संवाद पुष्कळदा कोठेच लिहिलेले नसतात. ते बोलणाऱ्याबरोबरच जातात.

कै. विठाबाईंनी पंढरपुरी जन्म घेतला, नारायणगावचे नाव लावले आणि आपले सारे आयुष्य या दोहोंच्या मधल्या वाटांवर वेचले. भाऊ-बापूंनी जातीचे आणि गावाचे नाव फडाच्या नावात शेजारी शेजारी जोडले होते. त्या दोन्ही नावांना मान मिळवून देणाऱ्या या थोर कलावतीला आमचे त्रिवार वंदन असो. त्यांचे ऋण फेडण्यास उशीर झाला आहे. परंतु ते फेडण्यास आजपासून आरंभ करता येईल.